माल खराब आला, हे इंग्रजीत नेमकं लिहायचं कसं?

प्रश्न थोडक्यात असा: बार्शीत भांडी, कुकर, मिक्सर यांचं दुकान आहे. खराब माल आला की कंपनीला इंग्रजीत मेल करावा लागतो. शिक्षण बारावीपर्यंत, इंग्रजी वाचून कळतं, पण लिहायला बसलं की 'डॅमेज', 'डिफेक्टिव्ह' आणि 'नॉट वर्किंग' यापुढे हात चालत नाही. कंपनीचं उत्तर ठरलेलं: नेमकी अडचण कळवा. तर अशा शब्दांची यादी मिळेल का, ते पाठ कसे करायचे, आणि तोवर मोबाईलवरच्या भाषांतरावर भागवलं तर चालेल का?

याद्या हव्या तेवढ्या मिळतील, पण त्या पाठ करून तुमचं काम होणार नाही. डीलरांचे असले मेल वाचायचं काम मी एका कंपनीत बरीच वर्षं केलं आणि आता दुकानदारांना ते लिहायला शिकवतो, म्हणून दोन्हीकडचं सांगू शकतो. मेल वाचणाऱ्या माणसापुढे संगणकावर चार-पाच पर्याय असतात: वाहतुकीत मोडतोड, कारखान्यातला दोष, कमी माल, चुकीचा माल. तुमचा मेल वाचून त्याला त्यातला एक निवडायचा असतो आणि शेजारी एक-दोन ओळींत कारण टाकायचं असतं. 'आयटम इज डॅमेज अँड नॉट वर्किंग' एवढ्यावरून काहीच निवडता येत नाही, मग तो चेंडू परत तुमच्याकडे टोलवतो. त्याचा तुमच्यावर राग नसतो आणि तुमच्या व्याकरणाशीही त्याला फारसं देणंघेणं नसतं. दोष कुठल्या भागात आहे, काय दिसतं किंवा काय होतं, आणि कधीपासून, एवढं मेलमध्ये असलं की मोडकंतोडकं इंग्रजीसुद्धा चालून जातं.

आणि हे सगळं तुम्ही दिवसभर मराठीत बोलतच असता. गल्ल्यावर बसून 'डब्बा डॅमेज आहे' असं तुम्ही गिऱ्हाइकाला कधी सांगत नाही. पोचा आलाय म्हणता, ओरखडा पडलाय म्हणता. मेल लिहितानाच हे सगळे बारकावे कुठे गायब होतात कोण जाणे. म्हणून आधी वस्तू हातात घ्या, मराठीत काय म्हणाल ते म्हणा, आणि मग त्याच शब्दाचा इंग्रजी जोडीदार शोधा.

भांड्यांपासून सुरू करू. पोचा म्हणजे 'डेंट', ओरखडा म्हणजे 'स्क्रॅच'. काचेला किंवा चिनी मातीला तडा गेला तर 'क्रॅक'. पण कपाच्या काठाचा टवका उडाला असेल तर तो 'चिप', आणि तसं लिहायचं तर 'देअर इज अ चिप ऑन द रिम'. चक्काचूर झाला असेल तर 'शॅटर्ड'. तव्याला बाक आला तर 'वार्प्ड', आणि तो ओट्यावर डुगडुगत असेल तर 'द बेस वॉबल्स'. पत्र्याच्या कडेला बर राहिली असेल तर इंग्रजीतही 'बर'च. सोबत 'शार्प एज' लिहा, म्हणजे हाताला लागतं हे कळेल. बरणीच्या झाकणाचे आटे गेले तर 'द थ्रेड इज स्ट्रिप्ड'. हँडलचा रिव्हेट ढिला असेल तर 'लूज रिव्हेट'. नॉनस्टिकच्या थराचं तीन प्रकारे बिघडतं आणि तिन्हीला वेगळे शब्द आहेत: पापुद्रा निघतो ते 'पीलिंग', बारीक कपचे सुटतात ते 'फ्लेकिंग', फोड येतात ते 'ब्लिस्टरिंग'.

स्टीलच्या भांड्यांबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण इथे डीलरचे दावे हमखास अडकतात. पृष्ठभागावर तांबूस ठिपके असतात ते 'रस्ट स्पॉट्स'. बऱ्याचदा ते बाहेरच्या लोखंडी कणांचे असतात आणि घासल्यावर जातात. टाचणीच्या टोकाएवढे खड्डे पडले असतील तर मात्र ते 'पिटिंग'. तिथे धातूच खाल्ला गेलेला असतो, घासून काही होत नाही. पिटिंगचं नेहमीचं कारण मीठ. खारट पाणी भांड्यात रात्रभर राहिलं की चांगल्या स्टीललाही ते होऊ शकतं. त्यामुळे तुम्ही नुसतं 'रस्ट' लिहिलं की समोरचा 'घासून पाहा' म्हणणार, आणि नुसतं 'पिटिंग' लिहिलं की 'गिऱ्हाइकाने मीठ ठेवलं असेल' म्हणणार. 'पिटिंग ऑन द इनर बेस, फाउंड व्हेन द सील्ड बॉक्स वॉज ओपन्ड' असं लिहिलं की दोन्ही वाटा बंद होतात. बंद खोक्यातून काढलेल्या भांड्यात कोणी मीठ ठेवलेलं नसतं.

आता भागांची नावं. माझ्या अनुभवात दुकानदाराला 'लूज', 'क्रॅक', 'बेंड' हे शब्द बऱ्यापैकी येतात. काय लूज आहे हे सांगता येत नाही. बिजागरी म्हणजे 'हिंज', खटका म्हणजे 'लॅच', तोटी म्हणजे 'स्पाउट', कुकरची रबरी रिंग म्हणजे 'गॅस्केट'. कुकरच्या शिट्टीला 'व्हिसल' लिहिलंत तरी भारतात कळतं, पण कंपनीच्या सुट्या भागांच्या यादीत ती 'प्रेशर रेग्युलेटर' किंवा 'व्हेंट वेट' अशा नावाने असते आणि सुटा भाग त्याच नावाने निघतो. ही नावं कुठे मिळतील? प्रत्येक खोक्यातल्या माहितीपुस्तिकेत. त्यात भागांची आकृती असते आणि शेवटच्या पानांवर 'ट्रबलशूटिंग' नावाचा तक्ता असतो: डावीकडे तक्रार, उजवीकडे कारण. त्यातला डावीकडचा रकाना म्हणजे कंपनीने स्वतःच्या शब्दांत लिहिलेली तुमची तक्रार. तिथलं वाक्य जसंच्या तसं उचललंत तर वाचणाऱ्याला एका क्षणात कळतं. आपल्याकडे ही पुस्तिका खोक्यातून बाहेर न निघताच गिऱ्हाइकाच्या घरी जाते. प्रत्येक मॉडेलची एक प्रत, निदान तिचा फोटो, दुकानात ठेवा.

मिक्सरचं उदाहरण नीट बघू, कारण 'मिक्सर चालत नाही' या एका वाक्यात सहा वेगवेगळे बिघाड लपलेले असतात. बटण फिरवलं आणि काहीच झालं नाही, तर 'डझन्ट टर्न ऑन'. चालू झाला आणि थोड्या वेळात बंद पडला, तर 'कट्स आउट'. नुसता घुमतो, फिरत नाही, तर 'हम्स बट डझन्ट स्पिन'. मोटर फिरते पण पातं फिरत नाही, तर 'द मोटर रन्स बट द ब्लेड डझन्ट टर्न'. बहुतेक वेळा इथे कपलर, म्हणजे मोटर आणि भांडं जोडणारा तुकडा, झिजलेला असतो, म्हणजे 'वर्न आउट'. भांड्याच्या बुडातून पाणी येतं, तर 'द जार लीक्स फ्रॉम द बॉटम'. जळका वास येतो, तर 'देअर इज अ बर्निंग स्मेल'. सेवाकेंद्रातला माणूस या सहांपैकी कोणतं वाक्य आहे ते बघून कुठला सुटा भाग सोबत न्यायचा ते ठरवतो. 'नॉट वर्किंग' वाचून तो रिकाम्या हाताने येतो आणि बघून परत जातो.

समजा मिक्सर मध्येच बंद पडतो. मी असा मेल लिहीन:

'द मिक्सर टर्न्स ऑन, बट इट कट्स आउट आफ्टर अबाउट टेन सेकंड्स, इव्हन विथ ॲन एम्प्टी जार. वुई प्रेस्ड द रीसेट बटन अंडर द बेस, बट इट हॅपन्ड अगेन. देअर इज नो बर्निंग स्मेल. द युनिट वॉज टेस्टेड इन द शॉप अँड हॅज नॉट बीन सोल्ड.'

यात एकही अवघड शब्द नाही, पण प्रत्येक तुकडा एकेक शंका मिटवतो. रिकाम्या भांड्यानेही बंद पडतो म्हटल्यावर 'गिऱ्हाइकाने जास्त भरलं असेल' हा मुद्दा निकालात निघतो. बुडाशी असलेलं ओव्हरलोडचं बटण दाबून पाहिलंय हे लिहिल्यावर पहिला ठरलेला प्रश्न येतच नाही. आणि हो, ते बटण मेल लिहिण्याआधी खरोखर दाबून बघा. निम्म्या वेळा मेल लिहायची गरजच राहत नाही.

काळाच्या बाबतीत एवढंच धरून ठेवा: जे अजून होतंय ते साध्या वर्तमानकाळात, जे एकदाच घडलं ते भूतकाळात. 'द जार लीक्स', पण 'द नॉब केम ऑफ'. याशिवाय दोन छोटे शब्द फार कामाचे आहेत. मराठीत आपण 'झाकण लागतच नाही' म्हणतो, त्यातल्या 'च'चं काम इंग्रजीत 'वोन्ट' करतो: 'द लिड वोन्ट क्लोज'. लागतं पण नीट बसत नाही, तर 'डझन्ट क्लोज प्रॉपर्ली'. आणि 'सारखं' म्हणायचं असेल तिथे 'कीप्स': 'इट कीप्स शटिंग ऑफ'. अधूनमधून होत असेल तर 'इंटरमिटंट' हा शब्द वापरा, पण कधी होतं तेही त्यासोबत द्या. अर्धा तास चालल्यावर होतं की वायर हलवली की होतं? ते दिलं नाहीत तर वस्तू सेवाकेंद्रात जाते, तिथे पाच मिनिटं व्यवस्थित चालते आणि 'नो फॉल्ट फाउंड' असा शेरा घेऊन तुमच्याकडेच परत येते.

आवाजासाठी आपण 'गिव्हिंग साउंड' लिहितो. इंग्रजीत यंत्र आवाज 'मेक' करतं, आणि आवाजांना आपल्यासारखीच वेगवेगळी नावं आहेत. खडखड म्हणजे 'रॅटलिंग', घासल्यासारखी घरघर म्हणजे 'ग्राइंडिंग', करकर म्हणजे 'स्क्वीकिंग'. मिक्सरच्या बाबतीत 'ग्राइंडिंग नॉइज' लिहिताना जरा जपून, कारण वाटण वाटणं हे त्याचं कामच आहे. तिथे 'मेटल रबिंग अगेन्स्ट मेटल' लिहिलेलं बरं.

आता ते शब्द, जे बरोबर असूनही तुम्हाला अडचणीत आणतात. पहिला 'ब्रोकन'. बहुतेक वॉरंटीतून बाहेरून झालेली मोडतोड वगळलेली असते. तुम्ही सहज 'हँडल ब्रोकन' लिहिता आणि समोरचा माणूस 'फिजिकल डॅमेज'वर खूण करून मोकळा होतो. भांडं न पडता हँडल रिव्हेटपाशी निघून आलं असेल तर तसंच लिहा: 'द हँडल केम ऑफ ॲट द रिव्हेट ड्युरिंग नॉर्मल यूज'. पडलं असेल तर पडल्याचंही लिहा. मोडलेल्या कडेकडे बघून सेवाकेंद्रातल्या जुन्या माणसाला ते कळतं, आणि एकदा का त्याला कळलं की तुमचे पुढचे खरे मेलही तो डोळे बारीक करून वाचतो.

दुसरा 'बर्न्ट'. 'मोटर बर्न्ट' म्हटलं की विजेचा दाब कमी-जास्त झाल्याचं कारण पुढे येतं, आणि तेही बऱ्याच वॉरंटींत वगळलेलं असतं. तुम्ही मोटर उघडून पाहिलेली नसते. तुम्हाला वास आलेला असतो किंवा धूर दिसलेला असतो, तेवढंच लिहा. शेजारच्या इलेक्ट्रिशियनने 'कॉइल गेली' असं सांगितलं असेल तर ते त्याच्या नावावर राहू द्या: 'अवर टेक्निशियन सस्पेक्ट्स द कॉइल'. निदान करणं कंपनीचं काम आहे. तुम्ही लक्षणं सांगायची. वॉरंटीतली वस्तू त्या इलेक्ट्रिशियनला उघडू मात्र देऊ नका, सील तुटलं की मग कुठलंच इंग्रजी उपयोगाचं नाही.

किरकोळ गोष्टी भराभर सांगतो. 'आयटम इज डॅमेज' नको, 'डॅमेज्ड' हवं. 'स्पॉइल्ड' अन्नासाठी ठेवा, मिक्सर 'स्पॉइल' होत नाही. 'लीकेज इज कमिंग'पेक्षा 'इट लीक्स' सुटसुटीत. 'डॅमेज्ड' म्हणजे नीट बनलेल्या वस्तूला नंतर मार लागला; 'डिफेक्टिव्ह' म्हणजे ती बनतानाच चुकली. ब्रिटिश लोक याच अर्थी 'फॉल्टी' म्हणतात, भारतातल्या कंपन्यांना दोन्ही चालतात. मोबाईलवाल्यांकडून आलेला 'डी. ओ. ए.', म्हणजे 'डेड ऑन अरायव्हल', हा खोक्यातून काढल्यापासूनच चालू न झालेल्या वस्तूसाठी आहे. दोन दिवस चाललेल्या मिक्सरला तो लावू नका, लगेच नाकारतात.

वाहतुकीतल्या मोडतोडीचं इंग्रजी मेलमध्ये नाही, गोडाऊनच्या दारात लागतं. टेम्पो उभा असतो, ड्रायव्हर घाई करतो आणि तुम्ही एल. आर.वर, म्हणजे वाहतूकदाराच्या माल-पावतीवर, सही करून देता. त्या सहीचा अर्थ माल नीट मिळाला असाच होतो. खोका दबलेला असेल तर सहीच्या वर लिहा: 'टू कार्टन्स क्रश्ड, कंटेंट्स नॉट चेक्ड'. ओला असेल तर 'कार्टन वेट'. चिकटपट्टी उघडून पुन्हा लावल्यासारखी दिसत असेल तर 'सील टॅम्पर्ड'. नग कमी असतील तर 'शॉर्ट बाय थ्री पीसेस'. मग तुमच्या प्रतीचा फोटो काढा. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्याप्रमाणे माल हरवल्याची किंवा खराब झाल्याची लेखी नोटीस बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला मिळालेली असावी लागते, नाहीतर पुढे दावा लावता येत नाही. आणि त्या नोटिशीत मुख्य पुरावा म्हणून तुमचा हा दाराशी खरडलेला शेराच जोडला जातो.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक. दुकानदार मेलमध्ये 'कन्झ्युमर कोर्ट'ची धमकी घालतात, ती घालू नका. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, जो २० जुलै २०२० पासून लागू झाला, पुन्हा विकण्यासाठी माल घेणाऱ्याला ग्राहक मानत नाही. तुमच्या विक्रीच्या मालासाठी १९३० चा मालविक्री कायदा लागतो, आणि त्यात महत्त्वाचं हे की वाजवी वेळेत नाकारला नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणून 'वुई रिजेक्ट धीज पीसेस' हे वाक्य लवकर जायला हवं. तुमचं गिऱ्हाईक मात्र ग्राहक आहे. त्याला दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगात जाता येतं आणि १९१५ या हेल्पलाइनवर मराठीत बोलता येतं. त्या कायद्यात वस्तूतल्या खोटीला 'डिफेक्ट' म्हटलंय आणि सेवेतल्या उणिवेला 'डिफिशियन्सी'. सेवाकेंद्राने महिनाभर मिक्सर ठेवून घेतला तर ती 'डिफिशियन्सी इन सर्व्हिस', आणि गिऱ्हाइकाला अर्ज लिहून देताना हे दोन शब्द आपापल्या जागी पडले पाहिजेत.

दोष किती गंभीर आहे हे सांगायला माल तपासणारे तीन शब्द वापरतात: 'क्रिटिकल', 'मेजर', 'मायनर'. वापरणाऱ्याला इजा होऊ शकते तो क्रिटिकल, वस्तू विकता येत नाही किंवा चालत नाही तो मेजर, आणि नुसता दिसण्यातला फरक तो मायनर. त्यालाच 'कॉस्मेटिक'ही म्हणतात. मिक्सरच्या किंवा इस्त्रीच्या अंगाला करंट येत असेल तर ते मेलच्या विषयातच यायला हवं: 'सेफ्टी इश्यू', आणि खाली 'द मेटल बॉडी गिव्हज अ शॉक व्हेन टच्ड'. 'माइल्ड' शब्द घालून ते सौम्य करू नका. कुकरचंही तसंच. दाब असताना झाकण उघडतंय किंवा सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला असेल तर मेल नंतर, आधी फोन, आणि त्या बॅचचे सगळे कुकर फळीवरून खाली. घरगुती कुकरसाठी आय. एस. २३४७ हे मानक आहे; आय. एस. आय. चिन्ह, मॉडेल आणि बॅच नंबर यांचा फोटो सोबत पाठवा.

शिकायचं कसं, तर फळीप्रमाणे. वहीत 'ए' पासून 'झेड' पर्यंत शब्द लिहू नका. एक पान कुकरचं, एक मिक्सरचं, एक काचेच्या मालाचं. डावीकडे तुमच्या बोलीतलं वाक्य, गिऱ्हाईक म्हणालं तसं: 'वाफ कडेनं जातीया'. उजवीकडे पुस्तिकेतलं किंवा कंपनीच्या उत्तरातलं इंग्रजी: 'स्टीम एस्केप्स फ्रॉम द रिम'. जी तक्रार आली तीच लिहायची, न आलेली नाही. वाचायला काही हवं असेल तर ब्रिटिश खरेदीच्या साइटवर त्याच प्रकारच्या वस्तूला एक-दोन तारे देणाऱ्यांचे अभिप्राय वाचा. चिडलेली माणसं फार नेमकं लिहितात. शेवटी काय हवंय तेही स्पष्ट मागा: बदली माल हवा तर 'रिप्लेसमेंट', पुढच्या बिलातून वजा हवं तर 'क्रेडिट नोट', दुरुस्ती चालणार असेल तर 'रिपेअर'. हे मागितलं नाहीत तर कंपनी स्वतःला स्वस्त पडेल ते देते.

मोबाईलवर भाषांतर करून पाठवायला माझी ना नाही. फक्त 'मिक्सर गेला', 'शिट्टी बसली', 'आटे गेले' असं काही त्यात टाकू नका. शब्दशः उतरलं तर मिक्सर कुठे गेला ते कंपनी शोधत बसेल. छोटी वाक्यं द्या, भागाचं नाव पुस्तिकेतलं घाला आणि एका वाक्यात एकच दोष ठेवा. आलेलं इंग्रजी पाठवण्याआधी ते वाचून वस्तूवर त्या जागेला बोट लावता येतंय का बघा, आणि येत नसेल तर ते वाक्य पुन्हा लिहा.